हजर नसलेल्या सदस्याची दुरुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या डोंगरमाथा विधी सहाय्य मंडळाचे आधारस्तंभ माननीय कमलेश भोईर सर, प्रमुख पाहुणे म्हणून एवढा घाट चढून आलेले निवृत्त न्यायाधीश महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या अॅडव्होकेट चंद्रकलाताई गावित, जव्हार आणि मोखाड्यातून आलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या पाड्यावरच्या माणसांनो. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा. नाही बसणार? बरं. उभ्याने ऐका, पण ऐका.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ताईंच्या कार्याचा गौरव करायला सांगितलंय. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो भरपूर केला. ‘गोरगरिबांच्या कैवारी’ झालं, ‘दिल्ली हलवून सोडणाऱ्या रणरागिणी’ झालं. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या पडत असताना ताई मान खाली घालून मांडीवरच्या शालीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. मंडळी, दिल्ली हलली नाही. मी तिथे ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, म्हणून सांगते. दिल्ली होती तिथेच आहे, आणि आपल्या ताईंना मात्र जव्हार सोडून जावं लागतंय. हे असं का झालं, ते कुणीतरी सरळ सांगायला हवं. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरते आणि मीच सांगते.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी, मी प्रगती मुकणे. आश्रमशाळेत मराठी शिकवते. ज्या खटल्यामुळे ताईंचं नाव वर्तमानपत्रात आलं, त्यातला आरोपी बारक्या मुकणे हा माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा समुद्रावरचा माणूस नाही. आम्हा कातकऱ्यांना मासळी नवी नाही. वाघ नदीच्या डोहात हात घालून दगडाखालचा खेकडा काढावा तर दादानेच. पण समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. आमच्या घराला जमीन नाही. लोकांच्या शेतावरची भाताची, नागलीची कामं उरकली की वीटभट्टी, रेती, बांधकाम, मुकादम नेईल तिकडे जायचं. एका वर्षी भट्टीचा मुकादम फिरकलाच नाही. बोटीचा आला. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात खलाशी हवे होते. जाळं ओढायचं, मासळी निवडायची, बर्फ भरायचा, आणि जमलं तर सगळ्यांचं जेवण करायचं.

माझी वहिनी कमळा तेव्हा त्याला म्हणाली होती, “पान्यावर नका जाऊ. भट्टीवरून मानूस पळून तरी येतो. पान्यावरून कुठं पळाल?”

दादा हसला आणि गेला. बंदराला लागला की फोन करायचा. “पानीच पानी हाय, पन प्यायला मोजून देतंत,” असं सांगायचा. आम्ही हसायचो.

एका फेरीत त्यांच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, भर समुद्रात दुसऱ्या एका बोटीकडून गोण्या घेतल्या. दादा तेव्हा खालच्या कप्प्यात बर्फ फोडत होता. वर आला तेव्हा गोण्या तांडेलाच्या केबिनमध्ये गेल्या होत्या आणि ती दुसरी बोट लांब गेली होती. त्याने विचारलंही नाही. तुम्ही विचारलं असतं का हो? मालकाच्या माणसाला? पुढे तटरक्षक दलाची बोट आडवी आली. जवान चढले. दादाला वाटलं, वादळाची सूचना द्यायला आलेत, कारण त्याआधी एकदा तसे आले होते. त्याने सगळ्यांसाठी चहा ठेवला होता. त्याने त्यांनाही दिला. जवानांनी गोण्या फोडल्या, तर आत बंदुकांचे सुटे भाग निघाले.

अख्खी बोट पकडली गेली. तांडेल, खलाशी, सगळे एका दोरीत. पेपरात फोटो आला, तोंडावर काळी फडकी बांधलेल्या माणसांचा. त्यातला दादा कोणता ते वहिनीने पायांवरून ओळखलं.

आता माझ्या भागातल्या लोकांबद्दल बोलताना मला जड जातंय, पण ताईंचं मोठेपण सांगायचं तर हे सांगावं लागेल. पाड्यावर ‘देशाचा वैरी’ हा शब्द पोचायला वेळ लागला नाही. वहिनी ज्या शेतावर आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायची त्या मालकाने सांगितलं, “तू येऊ नको, पोलीस येतील.” मला शाळेत विचारलं गेलं, “बाई, तुमचं आडनाव तेच का?” ज्या माणसाला समुद्रात पूर्व कुठली हे सांगता येत नाही, तो परक्या मुलखाशी कट करत होता, यावर विश्वास ठेवायला आपल्या लोकांना एक दिवससुद्धा लागला नाही. याचा मला अजून राग येतो.

त्या दिवसांत वहिनी आणि मी ताईंच्या खोलीवर आलो. जव्हारच्या कोर्टामागची ती लहान खोली, पत्रे तापलेले. त्याआधी ज्या ज्या वकिलाकडे गेलो, त्याने पहिला प्रश्न विचारला, “माल कुणाचा होता?” ताईंनी विचारलं, “पोलिसांनी त्याचा जबाब कुठल्या भाषेत घेतला?”

वहिनी म्हणाली, “ते गुजराती बोलतंत बाई. आन त्याला मराठी पन धड येत नाय. तो आपलंच बोलतो, घरचं.”

“मग त्याने सही कशावर केली?”

“अंगठा.”

ताईंनी तेवढं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “मला तिथे जायला लागेल.” आणि त्या गेल्या. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्या मूळच्या खोडाळ्याकडच्या, डोंगरावर भात-नागली पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांच्या वडिलांना वाटायचं, मुलगी शिकली, आता कोर्टात ताठ बसेल. मुलगी एसटीत झोपून परराज्यातल्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला लागली. तारीख पडायची, कधी सरकारी वकील नाहीत, कधी दुभाषा नाही. दुभाषा आला तर तो मराठीचा. दादा त्याचं अर्धंच समजायचा आणि सगळ्याला “हो साहेब” म्हणायचा. जामीन फेटाळला गेला.

याच सुमारास संसदेत सागरी सुरक्षेचं नवं विधेयक आलं. कुणाला कंटाळा येईल, पण हा भाग लक्ष देऊन ऐका, कारण सगळं इथेच अडकलंय. त्या विधेयकात शिक्षा वाढवल्या होत्या. त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. समुद्रातून हत्यारं आणणाऱ्याला सरकारने काय करायचं ते करावं. पण त्यात एक कलम असं होतं की अशा बोटीवर जो कोणी सापडेल, तो गुन्ह्यात सामील आहे असंच कोर्टाने धरून चालायचं. तो सामील नव्हता हे त्याने स्वतः सिद्ध करायचं. तोपर्यंत जामीन नाही. शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

ताईंनी ते कलम मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “प्रगती, नवी शिक्षा तुझ्या दादाला लागणार नाही, तो आधी पकडला गेलाय. पण याच वर्षी आपल्या तालुक्यांतून किती पोरं बोटींवर गेलीत, त्यांचं काय?” मग त्यांनी एक दुरुस्ती लिहून काढली. फक्त मजुरीवर असलेल्या आणि मालाची माहिती नसलेल्या खलाशाला हे कलम लावू नये, त्याच्याविरुद्धचा आरोप सरकारने सिद्ध करावा, एवढंच. एका वाक्यात मावणारी. ती मंजूर झाली असती, तर तिचा आधार घेऊन दादाच्या जामिनासाठीही पुन्हा दार ठोठावता आलं असतं.

कोण मांडणार? ताईंनी अनेक खासदारांना पत्रं घातली. उत्तर आलं एकाचं, दूरच्या एका किनारी राज्यातून. नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. फोनवर माणूस फार आपुलकीने बोलला. म्हणाला, “आपण दुरुस्ती माझ्या नावाने देऊ. मी भाषणात तुमच्या खलाशाची सगळी हकीकत सांगेन. त्याच्या बायकोला घेऊन या. मी पास काढतो. तिला वर गॅलरीत बसलेलं बघून सभागृहाला कळेल की हा कागदावरचा प्रश्न नाही.”

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तिथं त्याचं नाव घेतील?”

“घेतील.”

“बारक्या म्हनतील का बारकू?”

मी म्हटलं, “बारक्या.” आणि आम्ही तिघी निघालो.

संसदेत आत जाईपर्यंत एवढ्या ठिकाणी तपासणी झाली की वहिनी म्हणाली, जेलमध्ये दादाला भेटायला एवढं नसतं. पिशवी बाहेर ठेवली, मोबाइल ठेवले, तिच्या कमरेची तंबाखूची चंचीसुद्धा काढून घेतली. वर गॅलरीत एका माणसाने नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकायचं नाही. मी शिक्षिका आहे; असे नियम मी रोज सांगते. त्या दिवशी कळलं ते ऐकणाऱ्याला कसे वाटतात.

चर्चा सुरू झाली. काही सदस्य खरंच अभ्यास करून आले होते, खोटं कशाला बोलू. एकाने सांगितलं की आपल्या बोटी परक्या हद्दीत गेल्या तर आपली माणसं तिकडे सडतात. मला वाटलं, आता येईल आपला विषय. पण गाडी दुसरीकडे गेली. शिक्षा जन्मठेप असावी की फाशी, यावर एकेक जण उठू लागला. एक म्हणाला, फाशीशिवाय धाक बसत नाही. दुसरा म्हणाला, फाशी ठेवली तर परदेशांत पकडलेला आरोपी आपल्याला कोणी देणारच नाही. तिसऱ्याने समुद्रावरचा शेर म्हटला. मग कुणाच्या काळात किनारा जास्त सुरक्षित होता यावरून दोन्ही बाजू एकमेकांवर ओरडल्या, हसल्या, बाकं वाजली. ज्याच्या गळ्यात ती शिक्षा पडणार, तो माणूस कोण असतो, हे कोणी विचारेना.

मी वहिनीच्या कानात आमच्या बोलीत सांगत होते. ती म्हणाली, “बोहाड्यातल्या सोंगांसारखं हाय. एक सोंग नाचून जातंय, दुसरं येतंय. आपलं कवां येनार?”

“येईल.”

आणि आमचे खासदार उभे राहिले. वहिनीने माझा हात धरला. बोलले छान. कोळ्यांचं कष्टाचं आयुष्य, किनाऱ्याचा इतिहास, स्वतःच्या राज्यातलं चक्रीवादळ. ताई पुटपुटल्या, “मुद्द्यावर या हो.” ते म्हणाले, “महाराष्ट्राच्या डोंगरातली एक भगिनी आज इथे आली आहे...” आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. त्यांनी अजून एक मिनिट मागितलं. मिळालं नाही. “उरलेलं दुरुस्ती मांडताना बोलतो,” असं म्हणून ते बसले. खाली बसताना त्यांनी वर आमच्याकडे पाहून हात जोडले. मला तेव्हा त्यांचा राग आला नव्हता.

मंत्र्यांचं उत्तर झालं. त्या उत्तरात त्यांनी कुणाच्या तरी नेत्याबद्दल एक टोमणा मारला. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सभागृह उसळलं. आमच्या खासदारांचा पक्ष उभा राहिला, घोषणा झाल्या, माफी मागा, माफी मागा. आणि तो अख्खा पक्ष सभात्याग करून बाहेर गेला. आमचे खासदारही त्यांच्याबरोबर गेले. जाताना ते एकदा थबकले. पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं, तसे चालू लागले.

तुम्हाला वाटेल, मग कामकाज थांबलं असेल. उलट ते भराभर सुरू झालं. एकेक कलम पुकारायचं, हो म्हणणाऱ्यांनी हो म्हणायचं, झालं. आमचं कलम आलं. पीठासीन अध्यक्षांनी दुरुस्तीचा क्रमांक वाचला, त्या खासदारांचं नाव पुकारलं, समोर पाहिलं. रिकामी बाकं. “माननीय सदस्य उपस्थित नहीं हैं,” असं म्हणून ते पुढच्या कागदाकडे वळले.

वहिनीने विचारलं, “काय बोलला तो?”

मी सांगितलं, “आपलं ज्यांनी मांडायचं होतं ते हजर नाहीत.”

“आन मग?”

“मग काही नाही. कलम पास होतंय.”

मंडळी, कमळा वहिनी उभी राहिली. तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, “मी हाय ना हजर! मला इचारा!”

खालून काही माना वर झाल्या. कुणाला शब्द कळले नसतील. पण ती हाक मारतेय हे तर कळलं असेल? सुरक्षारक्षक दोन्ही बाजूंनी धावले. त्यांनी तिचा दंड धरला तसं ती मला विचारत राहिली, “मी काय वाईट बोलले?” ताई मध्ये पडल्या. “मी यांची वकील आहे, यांना हात लावू नका.” मग आम्हा तिघींनाही बाहेर काढलं. सभागृह उठेपर्यंत एका खोलीत बसवून ठेवलं. कोणत्या संघटनेच्या? कुणी पाठवलं? पत्रकं कुठे आहेत? ताई शांतपणे उत्तरं देत होत्या. मी रडत होते. वहिनीने मागितलं ते पाणी. ते त्यांनी दिलं.

सुटल्यावर ताईंनी खासदारांना फोन लावला. ते चिडलेले होते.

“ताई, तुम्ही मला अडचणीत आणलंत. पास माझ्या शिफारशीचा होता.”

ताई म्हणाल्या, “साहेब, तुम्ही दोन मिनिटं थांबला असता तर?”

“पक्षाचा निर्णय होता. एकट्याने कसं थांबणार?”

“ती एकटी थांबली ना.”

त्यांनी फोन ठेवला.

आपण इकडे काय केलं? पेपरात दोन ओळी आल्या, ‘प्रेक्षक गॅलरीत महिलेचा गोंधळ’. आणि आपल्याच या मंडळाने, अध्यक्ष महोदय, माफ करा, आपणही त्या बैठकीला होता, ठराव केला की घडल्या प्रकाराशी मंडळाचा संबंध नाही. तोच प्रकार आज या व्यासपीठावर ‘दिल्ली हलवली’ झालाय. मला आनंदच आहे. फक्त तेव्हा एखादा माणूस ताईंच्या खोलीवर येऊन चहा पिऊन गेला असता तरी चाललं असतं. कुणी आलं नाही. वकिलांच्या नियामक संस्थेचं खुलासा मागणारं पत्र आलं, त्याचं उत्तर त्यांनी एकटीने लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दादाच्या तारखेला गेल्या.

दादाचा खटला जुन्या कायद्याने चालला. शेवटी एकदाची ज्या तटरक्षक अधिकाऱ्याने बोट पकडली त्याची साक्ष निघाली. ताईंनी त्याला विचारलं, “तुम्ही बोटीवर चढलात तेव्हा आरोपी बारक्या काय करत होता?”

तो अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, “चहा देत होता. मला विचारत होता, साहेब, वादळ येतंय का.”

“गोण्या कुठे होत्या?”

“तांडेलाच्या केबिनमध्ये. कुलूप होतं. किल्ली तांडेलाकडे.”

दादा निर्दोष सुटला. मी हे एका वाक्यात सांगतेय, पण मधली वर्षं तुम्ही मनात धरा. तो घरी आला तेव्हा त्याला उन्हात उभं राहवेना. आता बराय. नदीवर जातो. तुरुंगातलं फारसं बोलत नाही. एकदाच मला म्हणाला, “रोज इचारीत, सांग, कोनी पाठवलं. मी सांगे, मुकादमानं. तर मारीत. आता खरंच मुकादमानंच पाठवलेलं, दुसरं काय सांगू?”

इथे गोष्ट संपली असती तर मीही इतरांसारखं गोड बोलून खाली बसले असते. पण नवा कायदा लागू झाला. आणि गेल्या दिवाळीनंतर वहिनीचा धाकटा भाऊ हरेश, तशाच एका बोटीवर, तशाच गोण्यांसकट पकडला गेला. तोही खलाशीच. त्यालाही आम्ही सांगितलं होतं, जाऊ नको. त्याने विचारलं, “मग कुठं जाऊ?” आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का? प्रमुख पाहुण्यांना विचारत नाही, ते पाहुणे आहेत. आपल्याला विचारतेय.

हरेशच्या जामिनासाठी ताई उभ्या राहिल्या. त्यांनी दादाच्या निकालाचा दाखला दिला. तिथले न्यायाधीश म्हणाले, “तो निकाल जुन्या कायद्याखालचा आहे. आता माहीत नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं आहे.”

ताई म्हणाल्या, “साहेब, एखादी गोष्ट माहीत नव्हती हे माणसाने सिद्ध कसं करायचं?”

“वकीलबाई, तुमचं म्हणणं मला कळतं. पण संसदेने सगळ्या बाजूंचा विचार करूनच हे कलम ठेवलं असणार.”

मी त्या दिवशी कोर्टात होते. ताईंचा आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाटलेला ऐकला. “नाही साहेब. मी तिथे होते. विचार झाला नाही. नाव पुकारलं आणि पुढे गेले.”

न्यायाधीशांनी मान खाली घातली. संसदेच्या कामकाजाच्या नोंदीत लिहिलंय, दुरुस्ती मांडली गेली नाही. गॅलरीतला आवाज नोंदीत घेत नाहीत. म्हणजे उद्या कुणी वाचलं तर त्याला असंच वाटेल की खलाशाच्या बाजूने बोलायला त्या दिवशी तिथे कोणीच नव्हतं. जामीन मिळाला नाही. हरेश आजही आत आहे.

म्हणून ताई चालल्यात. बढती नाही, बदली नाही, ‘उज्ज्वल भवितव्य’ वगैरे काही नाही. त्या बंदराच्या गावात खोली भाड्याने घेऊन त्या तिथल्या कोर्टात वकिली करणार आहेत, कारण इथून तारखेला जाईपर्यंत तारीख होऊन गेलेली असते. ताईंनी तिथली भाषा शिकायला घेतली आहे, या वयात. त्यांच्या गुडघ्यांना त्या कोर्टाचे जिने झेपत नाहीत, हे त्या कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. आपल्या दोन तालुक्यांत कातकरी, वारली, कोकणा कुणाचंही जंगलाचं प्रकरण असो, मजुरीचं असो, माणसं ज्या दारात जाऊन बसायची ते दार उद्यापासून बंद. ते उघडं ठेवायला कोण येणार आहे? मंडळात एवढे तरुण वकील आहेत. मी तुमच्याकडेच बघतेय. खाली बघू नका.

आता आणखी एक सांगायचं राहिलंय, आणि ते पत्रिकेत छापलेलं नाही.

परवा ताई सामान बांधत होत्या. वहिनी मदतीला गेली होती. मधेच तिने विचारलं, “बाई, तिथं आपल्या मानसांची बायका-पोरं येतील, त्यांचं कोन ऐकनार? तुम्ही आत कोर्टात. भाईर कोन?”

ताई म्हणाल्या, “कोणी नाही, कमळा.”

“मग मी येते.”

दादा तिथेच दारात बसून जाळ्याची गाठ मारत होता. मला वाटलं, तो नाही म्हणेल. तुरुंगातून परत आल्यापासून ती जराही नजरेआड झाली की तो कावराबावरा होतो. त्याने हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, “जा. मी आत होतो तवां भाईर आपल्यातलं कोनी असतं तर बरं झालं असतं.”

तर उद्या सकाळच्या एसटीने एकट्या ताई जात नाहीयेत. कोर्टाच्या त्या व्हरांड्यात आता आमची बोली बोलणारी एक बाई बसलेली असेल. ती मागे खांबाला टेकून उभी आहे, हिरव्या लुगड्यातली. अध्यक्ष महोदय, टेबलावर हार एकच दिसतोय. दुसरा मागवू नका, तिला ते आवडणार नाही. पण सभा संपल्यावर आपण स्वतः खाली उतरून तिच्याशी दोन शब्द बोललात, तर मला बरं वाटेल.

माझी पाच मिनिटं केव्हाच सरली. घंटा वाजवली नाहीत, त्याबद्दल अध्यक्षांची ऋणी आहे. प्रमुख पाहुण्यांनी शेवटपर्यंत घड्याळ पाहिलं नाही, त्यांचे आभार. ज्यांनी हा कार्यक्रम ठरवला, खुर्च्या मांडल्या, जेवणाची तयारी केली, त्या सगळ्यांचे आभार. ताई, तुमचे आभार मी मानत नाही. ते दादाने मानायचे, आणि त्याला ते जमणार नाही, तो आज सकाळपासून नदीवर जाऊन बसलाय. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द सभेला शोभला नसेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करा. शब्द मी मागे घेईन. राग मात्र माझ्याकडेच राहू द्या, हरेश सुटेपर्यंत तो मला लागणार आहे.

नमस्कार.